आकडा मोजणं आणि आकडा वाचणं

बोटाला सुई टोचून साखर मोजणं हे मधुमेहाच्या उपचारातलं सगळ्यात सोपं काम. दिसलेल्या आकड्यावरून पुढचं ताट कसं वाढायचं हे ठरवणं अवघड, आणि ते रुग्णाला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. जर्मनीचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. गेरहार्ट काच या डॉक्टरांनी १९३० साली ऱ्यूगन बेटावरच्या गार्ट्स गावी मधुमेहींसाठी निवासी केंद्र काढलं. आहार, इन्सुलिन आणि अंगमेहनत यांचा मेळ घालायला शिकलेला मधुमेही कामाधामाचं आयुष्य जगू शकतो, ही त्यांची भूमिका होती. पुढे ड्युसेलडॉर्फला मिखाएल बेर्गर आणि इंग्रिड म्यूलहाउझर यांनी टाइप १ च्या रुग्णांसाठी पाच दिवसांचा शिक्षणक्रम रुजवला. रुग्णांनी स्वतः साखर तपासायची, ताटातली कर्बोदकं अजमावायची आणि इन्सुलिनचा डोसही स्वतःच बदलायचा. साखर आवळायला गेलं की ती एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडेल, ही जुनी धास्ती. पण शिक्षण घेतलेल्या ९ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत वर्षभराने सरासरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.१ वरून ७.३ टक्क्यांवर आलं आणि साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रसंगही निम्म्याहून कमी झाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तपासणी एवढी मोलाची, तर इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांना सरकारी आरोग्य विम्यातून मिळणाऱ्या साखर तपासण्याच्या पट्ट्या जर्मनीने २०११ मध्ये बंद का केल्या? साखर अस्थिर असतानाच त्या मर्यादित संख्येने मिळतात. नुसत्या तपासणीने अशा रुग्णांचा फायदा फारच थोडा होतो, असं अभ्यासांत दिसलं होतं. मला हा निर्णय शिक्षणाच्या बाजूचाच पुरावा वाटतो. रोज सकाळी उपाशीपोटीचा आकडा वहीत उतरवला आणि ताट तेच राहिलं, तर साखर का उतरावी? तोच माणूस जेवणाआधी आणि दोन तासांनी तपासू लागला, आज वाटीभर भात नि उद्या अर्धी वाटी भात व जास्तीची उसळ असा फरक करून पाहू लागला, तर थोड्याच पट्ट्यांत त्याला आपल्या शरीराबद्दल नेमकं काही कळतं. इन्सुलिन किंवा साखर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तपासणी कमी करू नये.

‘मधुमेहींसाठी’ अशा खास खाऊचंही तेच: नुसत्या लेबलाने साखर उतरत नाही. फ्रुक्टोज घातलेली बिस्किटं नि चॉकलेटं जर्मन दुकानांत वर्षानुवर्षं विकली जात. त्यांचा उपयोग नाही हे मान्य करून २०१० मध्ये नियम बदलले आणि २०१२ पर्यंतच्या मुदतीनंतर ती लेबलं गेली. दिवाळीत ‘शुगर-फ्री’ मिठाईचे डबे भेट देणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. काजू, मैदा किंवा तूप त्यात असतंच.

जर्मनीतल्या मराठी घरांपुढचा प्रश्न आणखी वेगळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं; तेव्हा वजनकाटा बरा दिसतो म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. त्यात जर्मनीच्या पश्चिमेकडे साखर मिलिग्रॅममध्ये, तर पूर्वेकडे बहुधा मिलिमोलमध्ये सांगतात. म्युनिकहून लाइपझिगला गेलेल्याने अहवालात ७ पाहिले तर १८ ने गुणून १२६ समजावेत. जर्मनीत आहाराचा हिशेब बऱ्याचदा ‘ब्रोटआइनहाइट’ म्हणजे १२ ग्रॅम कर्बोदकांच्या मापाने चालतो. एका ‘ब्र्योटशेन’ म्हणजे छोट्या पावाची साधारण दोन मापं होतात, हे तिथल्या आहार-सल्लागार बाईंना तोंडपाठ असतं. पोळीचं त्यांना ठाऊक असेलच असं नाही. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दीड मापाच्या वर. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम. टाइप २ च्या रुग्णाला घरच्या डॉक्टरांमार्फत मधुमेहाच्या उपचार-कार्यक्रमात नाव नोंदवून आहाराचं हे शिक्षण विम्यातून घेता येतं. पहिल्या तासाला जाताना आपल्या घरची पोळी, भाकरी, पोहे नि भाताची वाटी स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलून ती वजनं कागदावर लिहून न्यावीत.