घाई कुठे, सवड कुठे?

आमच्या वस्त्यांत दोन चुका नेहमी दिसतात. एका घरी मूल तापाने फणफणलेले असते आणि माणसे कर्ता पुरुष कामावरून येण्याची वाट पाहत बसतात. दुसऱ्या घरी चांगले स्थळ हातचे जाईल म्हणून एका संध्याकाळी होकार दिला जातो आणि मुलीचे कॉलेज कायमचे सुटते. घाई हवी तिथे उशीर, सवड हवी तिथे घाई!

बाबासाहेबांकडे पाहा. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण सुरू झाले, तेव्हा त्यांना चार-पाच दिवसांत निर्णय घ्यावा लागला. २४ तारखेला पुणे करार झाला. पण धर्मांतर हा पुढच्या पिढ्यांचा प्रश्न. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली, १९३६ साली मुंबईच्या परिषदेत तो समाजापुढे मांडला, धर्मांचा अभ्यास केला आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षांनी!

तिसरा प्रकार सर्वांच्या निर्णयाचा. भिक्खू संघात ठराव मांडला जाई, महत्त्वाच्या कामी तीनदा विचारले जाई, मतभेद उरला तर शलाका वाटून मते घेत. संघाच्या या सभापद्धतीची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली होती.

हे घरी कसे आणायचे? आजारपण, अपघात, सर्पदंश अशा वेळी जो जवळ असेल त्यानेच ठरवावे. आईला कुणाची परवानगी मागावी लागू नये. त्यासाठी दवाखाना कोणता, रिक्षा कोणाची, पैशांचा डबा कुठे, हे आधीच ठरलेले असावे.

लग्न, शिक्षण, कर्ज यांना निदान आठवडा द्यावा. व्याज किती, हप्ता किती, पगारातून उरते किती, हे कागदावर मांडावे. आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याचे मत सर्वांत आधी विचारावे; मुलगी असली तरी!

विहाराचे बांधकाम, जयंतीची वर्गणी मात्र दोघा-तिघांनी परस्पर ठरवू नये. महिलांसह सभा घ्यावी, हिशेब फळ्यावर लिहावा. भांडणे निम्मी तिथेच मिटतात.

आज रात्री जेवण झाले की सगळ्यांनी मिळून निदान तो डबा कुठे ठेवायचा, एवढे ठरवू या. जय भीम!