बोट आपली, पाणी सर्वांचे

फ्रान्स, इंग्लंड, स्वीडन अशा देशांत शिडाची लहानशी बोट बाळगणारी अनेक साधी कुटुंबे आहेत. त्यांत शिक्षक असतात, कचेरीत काम करणारे असतात, निवृत्त कामगारही असतात. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन बोटीतून फिरावे, हा त्यांचा विरंगुळा. मात्र ही बोट वर्षातून एकदा पाण्याबाहेर काढून तिचा तळ साफ करावा लागतो, रंगवावा लागतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी करतात, त्याच प्रकारचे हे काम आहे.

हे काम का करावे लागते? समुद्रात उभ्या असलेल्या बोटीच्या तळावर प्रथम बुळबुळीत थर जमतो. त्यावर शेवाळ धरते. पाठोपाठ बार्नेकल नावाचे कठीण कवचाचे बारीक जीव घट्ट चिकटतात. तळ खडबडीत झाला की बोटीचा वेग मंदावतो आणि इंजिन लावले तर इंधन जास्त लागते. लाकडी बोट असेल तर लाकूड पोखरणाऱ्या जहाजकिड्याचीही भीती असते. म्हणून तळाला विषारी द्रव्य असलेला रंग देतात. हे विष हळूहळू पाण्यात झिरपत राहते, त्यामुळे जीव चिकटत नाहीत. परंतु झिरपलेले हे विष पुढे कोठे जाते?

कालवे का मेली?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आर्काशों नावाची खाडी आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या कालवांची शेती चालते. त्याच खाडीत हौशी लोकांच्या हजारो बोटी नांगरलेल्या असतात. त्या काळी बोटींच्या तळाला ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, या कथिलाच्या संयुगाचा रंग देण्याची प्रथा पडली होती. रंग उत्तम होता आणि बोटींचे तळ स्वच्छ राहत होते. मात्र 1977 ते 1981 या काळात खाडीतील कालवांची पिल्ले जवळजवळ तयारच होईनात. मोठ्या कालवांची कवचे जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. असा माल बाजारात कोण घेणार? कालवांवर पोट भरणारी कुटुंबे हवालदिल झाली.

शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोष बोटींच्या रंगाचा निघाला. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढे अल्प टीबीटीसुद्धा काही समुद्री जीवांना बाधते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तर मादी गोगलगायींना नराची इंद्रिये फुटू लागली आणि त्यांची अंडी घालण्याची क्षमता गेली, असे आढळले.

फ्रान्सने जानेवारी 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. त्यानंतर आर्काशोंत पुन्हा कालवांची पिल्ले धरू लागली आणि कवचेही क्रमाने सुधारली. इंग्लंडने 1987 साली व अमेरिकेने 1988 साली लहान बोटींपुरते असेच निर्बंध घातले. मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय करार 2001 साली झाला आणि तो 2008 साली अमलात आला. बोटी होत्या तेथेच राहिल्या, बोटवाल्यांचा छंदही सुरू राहिला. फक्त रंग बदलला.

रंगकाम करताना

आता तळासाठी बहुधा तांबेयुक्त रंग वापरतात. तोही निर्विष नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बोट बाहेर काढताच तळ ओला असतानाच धुवावा. घाण वाळली की खरवडणे कठीण जाते. धुतलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडू नये, ते साठवण्याची सोय असलेल्या ठिकाणीच हे काम करावे. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून, पाणकागदाने घासावा. खाली ताडपत्री अंथरावी, खरवडलेला चुरा गोळा करून विषारी कचरा म्हणूनच द्यावा. रंगाचे दोन हात द्यावेत. पाण्याची रेघ आणि सुकाणू येथे झीज अधिक होते, तेथे तिसरा हात द्यावा. धातूचे भाग गंजू नयेत म्हणून बसवलेला जस्ताचा तुकडा झिजला असल्यास बदलावा, पण त्यावर रंग लावू नये, नाहीतर त्याचा उपयोग राहत नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग देऊ नये, त्याने तळच खाल्ला जातो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घासणाऱ्या माणसाचा जीव. जुन्या बोटींवर शेंदराचा, म्हणजे शिशाचा, हात दिलेला असू शकतो. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. मालक स्वतः घासत असेल तर तो नाकाला चांगला मुखवटा बांधतो, हातमोजे घालतो. तेच काम रोजंदारीच्या मजुराला दिले की फडक्यावर भागवले जाते. मजुराच्याही घरी मुले असतात. मुखवटा व हातमोजे यांचा खर्च रंगाच्या डब्याबरोबरच हिशेबात धरला पाहिजे.

आर्काशोंच्या बोटवाल्यांना कालवे मारायची नव्हती. त्यांनी दुकानातून चांगला रंग आणला, एवढेच. डब्याची किंमत त्यांनी भरली आणि नुकसान मात्र कालववाल्यांच्या खाती पडले. म्हणून वाचकहो, बोट असो, होडी असो वा घराची खिडकी असो, रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्यावरील मजकूर वाचा. त्यात काय आहे, ते कोठे जाणार आहे आणि कोणाच्या श्वासात मिसळणार आहे, हे दुकानदाराला विचारा.