एकोणसत्तर हजारांतलं एक फळ

पुण्यातला चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने भूगावकडे निघालं की टेकड्यांच्या उतारावर, रिकाम्या प्लॉटच्या कडेला, बंगल्यांच्या कुंपणाबाहेर सगळीकडे एकच झुडूप दिसतं. घाणेरी. कुणी तिला टणटणी म्हणतं. कडक उन्हाळ्यात कोरड्या उतारांवरची तिची पानं झडतात, नुसत्या काटेरी चौकोनी काड्या उरतात आणि पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवीगार होते. हे झुडूप इथलं नाही. मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. सतराव्या शतकात ते ब्राझीलहून हॉलंडच्या बागांमध्ये गेलं आणि १८०७ ते १८०९च्या सुमारास शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली वाघांच्या जंगलांतल्या घाणेरीचा हिशेब मांडला. आकडा निघाला सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे कोकणपट्टीपासून गडचिरोलीपर्यंतचा नकाशा मधोमध दुमडला, तर त्यातला एक भाग अख्खा घाणेरीचा. भूगावचा हाच रस्ता पुढे ताम्हिणीला जातो. तिथलं अभयारण्य ४९.६२ चौरस किलोमीटरचं. अशी तीन हजारांहून अधिक अभयारण्यं या झुडपाखाली मावतील. आणि हा हिशेब जंगलांचा; रस्त्याकडेची, प्लॉटवरची घाणेरी यात धरलेलीच नाही.

हे जमलं कसं, याचं पहिलं उत्तर फळांत आहे. एक भरलेलं झुडूप वर्षाला १२,००० पर्यंत फळं देतं. समजा प्रत्येक फळातून एक झुडूप उगवलं आणि त्याला एक चौरस मीटर जागा लागली. दुसऱ्या पिढीत १४ कोटी ४० लाख झुडपं होतील. तिसऱ्या पिढीत १,७२,८०० कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक भारत व्यापला. चौथ्या पिढीला समुद्र धरूनही आपल्यासारख्या चाळीस पृथ्व्या लागतील.

अर्थात असं होत नाही. बहुतेक बिया रुजतच नाहीत, रुजलेली रोपं उन्हाने करपतात, सावलीत खुरटतात. मला खरा धक्का देणारा आकडा १२,००० नाहीच. हिशेब उलटा करून पाहा. १८०७ साली देशात घाणेरीचं एकच, चौरस मीटरभर झुडूप होतं असं धरू. त्याचे १,५४,००० चौरस किलोमीटर व्हायला किती वेळा दुप्पट व्हावं लागेल? फक्त सुमारे ३७ वेळा. २०२० पर्यंतची २१३ वर्षं ३७ने भागली, तर एका दुपटीला पावणेसहा वर्षं मिळतात. तेवढ्या काळात झुडपाला ६९,००० फळं धरतात असं मानलं, तर त्यांतलं एक रुजून वाढलं की झालं. बाकीची ६८,९९९ वाया गेली तरी चालतं! प्रत्यक्षात ही झाडं अनेक बागांत, अनेकदा आणली गेली. म्हणजे याहूनही कमी यश तिला पुरलं असणार.

त्या एका फळाची सोय झुडूप फार नेटकी करतं. फुलांचा गुच्छ वीस ते चाळीस इवल्या फुलांचा. नवं फूल पिवळं असतं, त्यात मध असतो. परागण झालं की ते केशरी, गुलाबी किंवा लाल होतं. फुलपाखरं पिवळ्याकडे वळतात, त्यांची फेरी वाया जात नाही आणि रंग बदललेली फुलं दुरून गुच्छ उठावदार करत राहतात. मग हिरवी फळं पिकून जांभळट काळी होतात. बुलबुल आणि साळुंक्या ती खातात, तारेवर किंवा फांदीवर जाऊन बसतात आणि बी तिथे खाली पडतं. गुरं मात्र तिला टाळतात; नाइलाजाने खाल्लीच, तर पानांतल्या विषाने त्यांचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. म्हणून गावाभोवतीच्या चराऊ रानात गवत खाल्लं जातं, घाणेरी तशीच राहते. एक चौरस मीटर गवत गेलं की तिथे परत गवत येणं अवघड, कारण दाट जाळीखाली ऊन पोचत नाही. भूगावच्या पुढे मुळशीकडे जाणाऱ्या या उतारांची मला काळजी वाटते ती यामुळे.

घाणेरी कोयत्याने वरून छाटली, तर ती जोमाने फुटते. आग लागून गेली तरी बुंध्यातून कोंब येतात. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी दाखवलेला उपाय असा, की जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मातीला लागत नाही. फुटवे येतात ते तोडलेल्या जागेच्या वरच्या पट्ट्यातूनच. हे काम फळं पिकण्याआधी करावं, आणि जिथे पक्षी बसतात त्या झाडांखाली, तारांखाली पुढची काही वर्षं उगवणारी रोपं हाताने उपटत राहावं. मोकळ्या झालेल्या जागी लगेच इथलं गवत आणि इथलीच झाडं लावावीत.