दुधाऐवजी नारळाचा रस : कंट्री ग्रेव्ही आणि आपले स्वयंपाकघर

अमेरिकेत वाढणारी एखादी नात मैत्रिणीच्या घरी रात्री राहून येते आणि घरात पाऊल टाकताच विचारते, "आजी, त्यांच्याकडे न्याहारीला पांढरी ग्रेव्ही होती. आपल्याकडे का करत नाहीत?" आजी म्हणते, "आपल्याला चालत नाही गं ती." उत्तर खरे आहे, पण अर्धेच आहे. बोलणे तिथेच थांबले, तर नातीच्या मनात एवढेच राहते की आपले घर म्हणजे 'चालत नाही'चे घर. उत्तराचा उरलेला अर्धा भाग कोकणातल्या आपल्या जुन्या चुलीपाशी आहे. तो या पाठात पाहू.

कंट्री ग्रेव्ही म्हणजे काय?

मराठी घरात 'ग्रेव्ही' म्हटले की कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा दाट रस्सा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतली कंट्री ग्रेव्ही वेगळी. हा दक्षिणेकडच्या राज्यांतला आणि अपालाचियन डोंगराळ भागातला साधा, पोटभरीचा पदार्थ आहे. सॉसेज किंवा बेकन परतल्यावर तव्यात जी चरबी उरते, तिच्यात मैदा भाजायचा, मग दूध ओतून ढवळत दाट करायचे आणि वरून भरपूर काळी मिरी घालायची. ही ग्रेव्ही गरम बिस्किटांवर वाढतात. अमेरिकेतले बिस्किट म्हणजे चहात बुडवायचे कुरकुरीत बिस्किट नव्हे. ते मऊ, फुगलेले, छोट्या पावासारखे असते.

गरीब घरात थोड्या मांसात पुष्कळ माणसे जेववण्याची ही युक्ती होती. चरबी वाया जात नाही, आणि मैदा व दूध घातल्याने दोन सॉसेजची चव सगळ्या ताटांत पोहोचते.

अडचण कोठे आहे?

पहिली अडचण उघड आहे. हे सॉसेज आणि बेकन बहुधा डुकराचे असते. पण त्याच्या जागी काशेर चिकनचे किंवा टर्कीचे सॉसेज घेतले तरी दुसरी अडचण उरतेच, ती दुधाची. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात तीन ठिकाणी आली आहे : निर्गम २३:१९, निर्गम ३४:२६ आणि अनुवाद १४:२१. तिच्यावरूनच मांस आणि दूध एकत्र शिजवू नये, एकत्र खाऊ नये हा नियम झाला, आणि रब्बींनी तो कोंबडीलाही लावला. म्हणून चिकन सॉसेजच्या ग्रेव्हीत दूध, लोणी, तूप, साय यांपैकी काहीच घालता येत नाही.

तिसरी अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ग्रेव्ही ज्यावर वाढायची, त्या बिस्किटातही लोणी आणि ताक असते. ग्रेव्ही बदलली आणि बिस्किट तसेच ठेवले, तर सगळी मेहनत फुकट जाते.

ग्रेव्हीत दूध काय काम करते?

एखाद्या जिनसाची जागा दुसऱ्याने घ्यायची असेल, तर पहिल्याचे काम काय होते ते आधी कळायला हवे. गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असते. बाकी ३ ते ४ टक्के स्निग्धांश, ३ टक्क्यांहून थोडी जास्त प्रथिने आणि जवळजवळ ५ टक्के दुधाची साखर.

ग्रेव्ही दाट होते ती दुधामुळे नव्हे, मैद्यामुळे. मैद्यातले पिष्ट गरम पाण्यात फुगते आणि पाणी धरून ठेवते. दुधातले पाणी मैद्याला फुगायला मिळते एवढेच. दुधाची खरी कामे तीन : रंग पांढरा करणे, स्निग्धांशाने जिभेवर मऊपणा आणणे, आणि साखरेने मिरीचा तिखटपणा थोडा निवळणे. ही तीन कामे करणारा कोणताही पातळ पदार्थ दुधाच्या जागी बसू शकतो.

कोकणातला मार्ग

हा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी सोडवला होता. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, मुरूड या भागांत बेने इस्राएल कुटुंबे घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या घराभोवती नारळाची झाडे होती. मटणाच्या रश्शाला मऊपणा आणायला दही किंवा साय नको होती, नारळाचा रस हाताशी होता.

त्याची रीत ठरलेली. ओला नारळ खवायचा, कोमट पाणी घालून वाटायचा आणि फडक्यातून पिळायचा. पहिल्या वेळी निघतो तो जाड रस. तो बाजूला ठेवायचा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळले की पातळ रस निघतो. मटण पातळ रसात शिजवायचे, आणि जाड रस अगदी शेवटी घालून एक हलकी उकळी आली की भांडे उतरवायचे. जाड रस खळाखळा उकळला तर फुटतो, तेल वर येते आणि रस्सा फाटल्यासारखा दिसतो. हे कुठल्या पुस्तकात वाचून शिकावे लागत नसे. सुना सासूच्या हाताकडे पाहून शिकत.

याहून जवळचे उदाहरण चिकाच्या हलव्याचे आहे. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, हा हलवा होतो. गव्हाचा चीक म्हणजे गव्हाचे पिष्टच. ते नारळाच्या रसात साखर घालून सतत ढवळत शिजवले की घट्ट होते, थाळीत ओतून वड्या पाडता येतात. त्यात दूध नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. गव्हाचे पिष्ट आणि नारळाचा रस ही जोडी आपल्या घरात सणाला मानाने बसलेली आहे. कंट्री ग्रेव्हीत साखर आणि वेलचीच्या जागी मीठ आणि मिरी येते, दाट होण्याची रीत तीच.

आज दुकानात काय मिळते?

टिनमधले नारळाचे दूध सर्वांत सोयीचे. त्यात स्निग्धांश बहुधा १७ ते २० टक्के असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या चार-पाच पट. तसेच ओतले तर ग्रेव्ही जड होते आणि नारळाचा वास पुढे येतो. एक भाग नारळाचे दूध आणि तीन भाग चिकनचे सूप घेतले, की स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळपास येतो.

नारळाचा वास नकोच असेल तर सोयाचे दूध घ्यावे. त्यातली प्रथिने गाईच्या दुधाइतकीच असतात, त्यामुळे अंग चांगले येते. ओटचे दूध स्वतःच थोडे दाट असते, पण गोडसर लागते. बदामाचे आणि तांदळाचे दूध फार पातळ. ते घेतल्यास मैदा थोडा वाढवावा. कोणतेही दूध बिनसाखरेचे आणि व्हॅनिला नसलेलेच आणावे.

बदामाच्या दुधाची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोलंडमधल्या क्राकोव शहरात १६ व्या शतकात रब्बी मोशे इसरलेस होऊन गेले. बदामाच्या दुधात जनावराचे मांस शिजवले, तर पाहणाऱ्याला ते खरे दूध वाटू नये म्हणून ताटाजवळ थोडे बदाम ठेवावेत, असे त्यांनी लिहिले. कोकणापासून इतक्या दूरच्या यहुदी घरांतही दुधावाचून मांस शिजवण्याची वाट शोधली गेली होती.

डब्यावरचे बारीक अक्षर

'नॉन-डेअरी' एवढे वाचून समाधान मानू नये. कॉफीत घालायच्या काही नॉन-डेअरी क्रीमरमध्ये आणि नारळाच्या दुधाच्या काही पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असते. ते दुधातूनच काढलेले असते. अशा डब्यावर काशेरच्या खुणेशेजारी 'डी' अक्षर असेल तर तो मांसाबरोबर चालणार नाही. 'पार्वे' लिहिलेले पाहून घ्यावे. तसेच दुधाची साखर काढून टाकलेले 'लॅक्टोज-फ्री' दूध पोटाला सोसत असले, तरी ते दूधच.

कृती (चार माणसांसाठी)

साहित्य : काशेर चिकन किंवा टर्कीचे सॉसेज पाव किलो, तेल ३ टेबलस्पून, मैदा ४ टेबलस्पून, चिकनचे सूप दीड कप, टिनमधले नारळाचे दूध अर्धा कप, जाडसर कुटलेली काळी मिरी १ टीस्पून, मीठ चवीपुरते.

१. सॉसेजचे वरचे आवरण काढून आतला खिमा मोकळा करावा. मांसाच्या कढईत तेल तापवून तो तांबूस होईपर्यंत परतावा.

२. आच मंद करून त्यावर मैदा भुरभुरावा आणि २ मिनिटे भाजावा. कच्चा वास जायला हवा, पण रंग फार बदलू देऊ नये. मैदा जितका लाल होईल तितकी त्याची दाट करण्याची शक्ती कमी होते.

३. कोमट सूप थोडे थोडे ओतून ढवळत राहावे. एकदम ओतले तर गुठळ्या होतात. सगळे सूप गेल्यावर ५ मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे.

४. आता नारळाचे दूध घालावे. एक हलकी उकळी आली की मिरी घालून उतरवावे. सूप खारट असते, म्हणून मीठ शेवटी चाखून घालावे. थंड होताना ग्रेव्ही आणखी दाटते, त्यामुळे किंचित पातळ असतानाच उतरवलेली बरी.

बिस्किटे घरी करायची तर लोण्याऐवजी पार्वे वनस्पती तूप, आणि ताकाऐवजी १ कप सोयाच्या दुधात १ टेबलस्पून व्हिनेगर घालून १० मिनिटे ठेवलेले वापरावे. तेवढा वेळ नसेल तर उकडलेल्या बटाट्यावर किंवा पार्वे पावाबरोबर ही ग्रेव्ही वाढावी.

दूधच हवे असेल तर वाट उलटी धरावी. लोणी, मैदा, खरे दूध आणि मांसाऐवजी अळंबी. ती दुधाच्या भांड्यात करावी आणि त्या जेवणात मांस ठेवू नये.

चौथ्या पायरीकडे पुन्हा एकदा पाहावे. आधी पातळ, शेवटी जाड, आणि मग फक्त एक हलकी उकळी. पेणच्या किंवा रोह्याच्या चुलीवर रस्सा याच क्रमाने होत असे. पुढच्या वेळी नात विचारील, तेव्हा आजीने "चालत नाही" म्हणावे, आणि मग टिन उघडायला तिच्याच हाती द्यावे.

शब्दार्थ

चीक – गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेले पिष्ट
चोथा – रस पिळून घेतल्यावर उरलेला भाग
घाणा – तेल गाळण्याचे यंत्र
अळंबी – मशरूम
पार्वे – ज्यात दूधही नाही आणि मांसही नाही असे

घरी विचारून या

१. तुमच्या घरी मटणाच्या रश्शात नारळाचा रस केव्हा घालतात? का?
२. चिकाचा हलवा करताना सतत का ढवळावे लागते?
३. स्वयंपाकघरातले कोणतेही तीन डबे पाहा. पार्वे कोणते, दुधाचे कोणते, ते मराठीत लिहा.