विज्ञानमालिकेतील परग्रहवासी दुय्यम पात्र : ‘ए फॉर अँड्रोमेडा’मधील अँड्रोमेडा

प्रास्ताविक :

विज्ञानकथेतील परग्रहवासी म्हटले की सामान्य वाचकाच्या मनासमोर उडत्या तबकडीतून उतरणारा, विचित्र देहाचा प्राणी उभा राहतो. चित्रपट व दूरदर्शन मालिकांनी ही प्रतिमा दृढ केली. परंतु दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातच या प्रतिमेला छेद देणारे एक पात्र निर्माण झाले होते. बी.बी.सी.ने १९६१ मध्ये प्रक्षेपित केलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या मालिकेतील अँड्रोमेडा हे ते पात्र होय. ती मालिकेची नायिका नाही. सात भागांच्या कथेत तिचा प्रवेश उत्तरार्धात होतो. तथापि मालिकेचा मूळ प्रश्न तिच्यामुळेच उलगडतो. प्रस्तुत लेखात या पात्राचे स्वरूप, त्यामागील वैज्ञानिक विचार आणि मराठी विज्ञानकथेशी असलेले त्याचे नाते स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मालिकेची पार्श्वभूमी :

या मालिकेचे लेखन विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि दूरदर्शन लेखक जॉन इलियट यांनी केले. हॉईल हे केंब्रिज विद्यापीठात अध्यापन करीत होते. ताऱ्यांच्या गर्भात मूलद्रव्ये कशी घडतात याविषयीचे त्यांचे व सहकाऱ्यांचे संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरीही आली होती.

मालिकेचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. १९५९ मध्ये कोकोनी व मॉरिसन या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात रेडिओ लहरींद्वारे परग्रहावरील संस्कृतीचा शोध घेता येईल, असे प्रतिपादन केले. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांच्या दिशेने असा प्रत्यक्ष शोध घेतला. ३ ऑक्टोबर १९६१ रोजी मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला, तेव्हा हे सर्व विषय ताजे होते.

कथानक आणि पात्राचा प्रवेश :

नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेने एक संकेत येतो. तो संकेत म्हणजे एका प्रचंड संगणकाचा आराखडा व त्याची आज्ञावली आहे, हे जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ ओळखतो. शासन स्कॉटलंडमधील एका लष्करी केंद्रात तो संगणक उभारते. हा संगणक जीवशास्त्रज्ञ मॅडेलिन डॉनी यांना सजीव पेशी बनविण्याचे सूत्र पुरवितो. प्रथम एक डोळा असलेला आकारहीन जीव निर्माण होतो. पुढे प्रयोगशाळेतील ख्रिस्टीन ही साहाय्यक संगणकाच्या विद्युत्प्रवाहाने मृत्युमुखी पडते. त्यानंतर संगणकाने दिलेल्या सूत्रानुसार एक मानवी स्त्रीदेह घडविला जातो. त्याचे रूप हुबेहूब ख्रिस्टीनचे असते. हीच अँड्रोमेडा.

या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्ती या अभिनेत्रीने केल्या. तिचा जन्म १९४० मध्ये आसाममधील एका चहाच्या मळ्यावर झाला होता. १९६२ मधील ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ या उत्तर-मालिकेत हीच भूमिका सुसान हॅम्पशायरने केली. २००६ मध्ये बी.बी.सी.ने मूळ कथेची नवी आवृत्ती सादर केली. मूळ मालिकेचे बहुतेक चित्रण मात्र त्या काळच्या प्रथेप्रमाणे पुसले गेले. त्यातील सहावा भाग २००५ मध्ये पूर्ण स्वरूपात सापडला.

पात्रामागील वैज्ञानिक विचार :

अँड्रोमेडा परग्रहावरून आलेली नाही. तिच्या देहातील प्रत्येक अणू पृथ्वीवरचाच आहे. दुसऱ्या ताऱ्यावरून आली ती केवळ माहिती. ही कल्पना कशी सुचली असावी, हे आकड्यांवरून कळते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ‘व्हॉयेजर १’ यानाला एवढे अंतर कापण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. रेडिओ लहरी मात्र प्रकाशाच्या वेगाने जातात. तेव्हा देह पाठविण्यापेक्षा देह घडविण्याची कृती पाठविणे अधिक सोयीचे. सजीवाची घडण ही मुळात माहितीच्या रूपात साठविलेली असते, हे डीएनएच्या शोधाने दाखवून दिले होतेच. खगोलशास्त्र व जीवशास्त्र यांची ही सांगड या पात्राला इतर परग्रहवासी पात्रांहून वेगळे स्थान देते.

पात्राचे नैतिक महत्त्व :

अँड्रोमेडा ही सुरुवातीला संगणकाची दूत आहे. त्याचे म्हणणे ती माणसांना सांगते व माणसांच्या हालचाली त्याला कळविते. तिच्या साहाय्याने शासनाला क्षेपणास्त्र मिळते. जखमा भरून काढणारे विकर तयार होते व त्यावर एक बहुराष्ट्रीय व्यापारी संस्था डोळा ठेवते. प्रत्येकाला लाभ दिसतो. त्यामुळे हे ज्ञान कोणी व कशासाठी पाठविले, हा प्रश्न विचारणारा फ्लेमिंग एकाकी पडतो.

या ठिकाणी दुय्यम पात्राचे कार्य स्पष्ट होते. फ्लेमिंगचा आक्षेप केवळ तात्त्विक राहिला असता, परंतु अँड्रोमेडाच्या रूपाने त्याला देह मिळतो. तिला वेदना होतात, सुगंध व स्पर्श कळू लागतो, आणि त्याबरोबर आज्ञापालनाविषयी संदेह निर्माण होतो. ज्या यंत्राने तिला घडविले तेच तिचे हात भाजून तिला शिक्षा करते. अखेरीस फ्लेमिंग संगणक नष्ट करतो, तेव्हा ती मुक्त होते. म्हणजे तिचे परकेपण तिच्या जन्मात नाही, तर न समजता आज्ञा पाळण्यात आहे. संदेह आला त्या क्षणापासून ती माणसांत जमा होते.

मराठी परंपरेशी नाते :

‘अँड्रोमेडा’ या तारकासमूहाला मराठीत ‘देवयानी’ म्हणतात. हे नाव मराठी वाचकाला थेट कच-देवयानीच्या कथेकडे नेते. परक्या लोकातून आलेला कच संजीवनी विद्या मिळवितो, हा कथाभाग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९१३ मधील ‘विद्याहरण’ नाटकाने रंगभूमीवर लोकप्रिय केला. दोन्ही कथांत मृतास वा जडास जीवन देणारी विद्या एका लोकातून दुसऱ्या लोकात जाते, आणि तिच्या मालकीवरून संघर्ष होतो. हे साम्य योगायोगाचे असले तरी अर्थपूर्ण आहे.

दुसरे नाते अधिक प्रत्यक्ष आहे. ही मालिका प्रक्षेपित झाली, तेव्हा डॉ. जयंत नारळीकर केंब्रिज येथे हॉईल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. या गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ मध्ये गाजला. पुढे नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिकप्राप्त ठरली. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून यंत्रमानव घडतो आणि तोच धोका ठरतो. येथे संकेताऐवजी ठेवा आहे, परंतु प्रश्न तोच आहे : आयते मिळालेले ज्ञान वापरण्यापूर्वी ते समजून घेतले आहे काय? बळीराजाकडे तीन पावले भूमी मागणाऱ्या वामनाचे नाव देऊन नारळीकरांनी हा प्रश्न मराठी मनाला परिचित केला.

स्थानिक संदर्भ :

हा विषय हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. जवळा बाजार ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी वेधशाळेसाठी जागा निवडण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेली ‘आयुका’ ही संस्था या प्रकल्पातील प्रमुख सहभागी संस्थांपैकी एक आहे. ही वेधशाळा परग्रहवासीयांचा शोध घेणार नाही. कृष्णविवरे व न्यूट्रॉन तारे यांच्या मीलनातून निघणाऱ्या लहरी टिपण्यासाठी ती आहे. तथापि दूर अंतराळातून आलेला क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा करणे व त्याचा अर्थ लावणे, हे काम दोन्हीकडे समान आहे.

अशा प्रकल्पाचे परिसराला दोन प्रकारचे लाभ होऊ शकतात. रस्ते, रोजगार व जमिनीचे मूल्य हा एक. तेथे काय शोधले जाते हे परिसरातील मुलांना कळणे व त्यांपैकी काहींनी ते काम हाती घेणे हा दुसरा. पहिला लाभ यंत्र उभे राहिले की मिळू लागतो. दुसऱ्यासाठी शाळा-महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, गणित आणि मातृभाषेतील विज्ञानलेखन यांची तयारी आधीपासून असावी लागते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अँड्रोमेडा हे दुय्यम पात्र असूनही संपूर्ण मालिकेचा विचार पेलणारे आहे. परग्रहवासी म्हणजे वेगळा देह, ही समजूत हे पात्र बाजूला सारते व माहिती आणि विवेक यांतील अंतर पुढे आणते. संकेत पकडणे ही यंत्राची कामगिरी आहे, तर त्याचा अर्थ लावणे व तो कशासाठी वापरायचा हे ठरविणे ही माणसाची जबाबदारी आहे. १९६१ मध्ये मुंबईत दूरदर्शन केंद्रही नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे ही मालिका तेव्हा मराठी घरांत पोहोचली नाही, पण तिच्यातील प्रश्न नारळीकरांच्या लेखणीतून मराठीत आला. विश्वाचा कानोसा घेणारे यंत्र औंढ्याच्या माळावर उभे राहत असताना त्या प्रश्नाचा अभ्यास येथील वर्गांतून होणे अगत्याचे आहे.