नवगावच्या किनाऱ्याकडे परतणारे यात्रिक : बेने इस्रायल वारसा आणि ग्रामपंचायतींचे काम

पर्यटनाचा विचार करताना गड, लेणी, देवस्थाने आणि समुद्रकिनारे एवढीच स्थळे सामान्यतः आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु निसर्गशोभा किंवा करमणूक यांसाठी न येता केवळ आपल्या आजोबांचे गाव पाहण्यासाठी हजारो मैलांचा प्रवास करून येणारा एक वर्ग आहे. महाराष्ट्रातून इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायल समाजातील कुटुंबे व त्यांची मुले-नातवंडे ही या वर्गाचे ठळक उदाहरण होत. अशा प्रवासाला 'वारसा-प्रवास' असे म्हटले जाते. त्याच्या गरजा नेहमीच्या सहलीपेक्षा निराळ्या असतात आणि त्यांपैकी बऱ्याचशा गरजा पुरविणे पंचतारांकित हॉटेलांपेक्षा ग्रामपंचायत, शाळा आणि तलाठी कार्यालय यांच्याच हाती असते.

युरोपात हा प्रवास आज मोठ्या थाटाने चालतो. ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांवरून आलिशान जहाजे जातात आणि त्यांतील काही सफरी खास धर्मनिष्ठ ज्यू प्रवाशांसाठी आखलेल्या असतात. अशा सफरीसाठी नेहमीचेच जहाज भाड्याने घेऊन त्याचे स्वयंपाकघर ज्यू धर्मनियमांनुसार शुद्ध केले जाते. भांडी उकळत्या पाण्याने किंवा आगीच्या आचेने शुद्ध होतात. मांसाची व दुधाची भांडी वेगळी ठेवली जातात. आणि या सर्वांवर देखरेख करणारा धर्मज्ञ प्रवासभर जहाजावर असतो. या नियमांत बसणाऱ्या अन्नाला 'कोशेर' अशी संज्ञा आहे. आपल्याकडील सोवळ्याची कल्पना ज्यांना आहे, त्यांना ही व्यवस्था समजण्यास अडचण पडू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत साब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो. त्या काळात प्रवास व अग्नी पेटविणे वर्ज्य असल्याने जहाजाचे वेळापत्रकच त्याभोवती गुंफले जाते.

या सफरींतील यात्रिक किनाऱ्यावर उतरून काय पाहतात? ऱ्हाइनकाठच्या वर्म्स शहरात अकराव्या शतकातील शिलालेख असलेली ज्यू दफनभूमी आहे. वर्म्स, स्पायर व माइन्झ या तीन शहरांतील ज्यू वारसास्थळांचा 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला. बुडापेस्ट येथे 1859 मध्ये उभारलेले भव्य प्रार्थनामंदिर आहे आणि तेथेच डॅन्यूबच्या काठावर लोखंडी पादत्राणांच्या जोड्यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना नदीच्या काठावर उभे करून गोळ्या घातल्या गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ ते 2005 मध्ये उभारण्यात आले. युरोपातील या प्रवासावर असे शोकाचे सावट आहे. महाराष्ट्रातील प्रवासावर ते नाही. येथून गेलेला ज्यू समाज छळामुळे गेला नाही. 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर तो धर्मभावनेने आणि चांगल्या भवितव्याच्या आशेने टप्प्याटप्प्याने गेला. जन्मभूमीविषयी त्याच्या मनात कटुता नाही, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. लोक गेले, तरी स्थळे मागे राहिली. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ज्यू धर्मीयांची संख्या सुमारे अडीच हजार होती. राज्य शासनाने 2016 मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु स्थळांची रोजची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

शनिवार तेल्यांची गावे

बेने इस्रायल समाजात परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, प्राचीन काळी अलिबागजवळील नवगाव येथे एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर पुरण्यात आली. ती दफनभूमी आजही तेथे दाखविली जाते व तिच्याजवळ स्मारकस्तंभ उभारलेला आहे. या घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगावी पसरले. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. धर्मग्रंथ हाती नव्हते, हिब्रू भाषा विस्मृतीत गेली होती; तरी सुंता, साब्बाथ, खाण्याचे निर्बंध आणि एकेश्वराची प्रार्थना एवढे त्यांनी टिकविले.

गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनाव घेण्याची महाराष्ट्राची रीत त्यांनीही स्वीकारली. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर. 'बूट पॉलिश' चित्रपटामुळे घरोघरी परिचित झालेले अभिनेते डेव्हिड यांचे आडनाव चेऊलकर, म्हणजे चौलचे. वारसा-प्रवासाची गुरुकिल्ली या आडनावांतच आहे. पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाला आपले मूळ गाव शोधण्यासाठी दप्तरखाने धुंडाळावे लागतात. इस्रायलच्या दिमोना किंवा अश्दोद शहरात जन्मलेल्या पेणकरांच्या नातवाला गाव शोधावे लागत नाही, ते त्याच्या नावातच असते.

सणांची मराठी नावे तर फारच बोलकी आहेत. ज्यू नववर्षाला हे लोक 'नव्याचा सण' म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसत, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला जाई. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी पोहे, नारळ, साखर व फळे यांचा 'मलिदा' करून प्रेषित एलियाहू यांचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे–सागाव परिसरातील एका खडकावर या प्रेषिताच्या रथाची खूण उमटली, अशी श्रद्धा असून तेथे मलिदा करण्यासाठी यात्रिक आवर्जून येतात. जगातील अन्य ज्यू समाजांत ही प्रथा अशा स्वरूपात आढळत नाही; ती कोकणच्या मातीची आहे.

प्रार्थनामंदिराला, म्हणजे सिनेगॉगला, हे लोक 'मशीद' म्हणत. मुंबईतील पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये स्थापन केले आणि मसजिद या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. रेवदंडा, अलिबाग, पनवेल व पेण येथील सिनेगॉग एकोणिसाव्या शतकात स्थापन झाले. अलिबागचे मागेन आबोथ सिनेगॉग ज्या वस्तीत आहे, तिचे नावच 'इस्रायल आळी' आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. ज्या गावात आता दोन-तीनच कुटुंबे उरली, तेथे ती संख्या केवळ सणाला आणि बाहेरून आलेल्या यात्रिकांमुळेच भरते. पाहुण्यांच्या येण्याने एखादे देऊळ पुन्हा चालते होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पुणे शहरातही या वारशाची महत्त्वाची स्थळे आहेत. लष्कर भागातील 'लाल देवळा'चे, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगचे, बांधकाम 1867 मध्ये पूर्ण झाले. ते उभारणारे बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचे 1864 मध्ये पुण्यातच निधन झाले व त्यांची समाधी त्याच आवारात आहे. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग 1921 मधील आहे. 1874 मध्ये पुण्यात शिळाछापावर निघालेली सचित्र 'हगादा' ही वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. भाकरीविषयीच्या तिच्या चित्रांतील स्त्रियांचा पेहराव येथलाच आहे.

इंदापूरकरांना यात काय?

इंदापूर–बारामती भागातील वाचक विचारतील की, कोकणातील या स्थळांशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो उजनीच्या पाण्याचा आहे. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची कित्येक गावे जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तेव्हा पुनर्वसित कुटुंबांतील माणसे होडीने जाऊन आपल्या गावाची जागा मुलांना दाखवितात. हाही वारसा-प्रवासच आहे, मग त्याला कोणी ते नाव देवो अथवा न देवो. भिगवण–कुंभारगावच्या मच्छीमारांनी रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्यांसाठी होड्या चालवून जलपर्यटनाचा अनुभव घेतलेला आहेच. गाव पाहण्यास आलेल्या माणसाला मात्र पक्षी दाखवून भागत नाही. त्याला नावे सांगावी लागतात. घर कोठे होते, पार कोठे होता, शाळा कोणत्या बाजूला भरत असे, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणूनच शिक्षकांनी शाळेच्या जुन्या दाखल-खारीज नोंदवहीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. कोकणात येणारा यात्रिक सिनेगॉगनंतर बहुधा आजोबांची शाळा विचारतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदवहीत त्याच्या आजोबांचे नाव व जन्मतारीख दिसली, तर त्या एका ओळीपुढे सारी सहल फिकी पडते. वाळवी लागलेली नोंदवही मात्र पुन्हा लिहिता येत नाही. ग्रामपंचायतींच्या जन्ममृत्यू नोंदींचेही तसेच आहे. दफनभूमीच्या बाबतीत झुडपे काढणे, कुंपण दुरुस्त करणे आणि रस्त्यावर मराठी पाटी लावणे एवढ्याने मोठे काम होते. थडग्यांवरील अक्षरे मात्र खरवडून किंवा रंग देऊन 'सुधारू' नयेत. उत्साहाच्या भरात असे पुष्कळ नुकसान होते.

भोजनाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कोशेर नियमांत मांस व दूध एकत्र चालत नाही. परंतु कोकणातील बेने इस्रायल गृहिणींनी रश्शात नारळाचे दूध वापरून ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवली. मांस धर्मनियमानुसार कापलेले असावे लागते, म्हणून यजमानाने ते टाळून शाकाहारी जेवण योजणे सोयीचे. तथापि कडक नियम पाळणाऱ्यांना भांडीही वेगळी लागतात. त्यांना आधी विचारावे, अंदाज करू नये. मासा पर आणि खवले असलेलाच चालतो. कोळंबी, खेकडा वर्ज्य. उजनीतील रोहू, कटला, चिलापी यांना खवले असतात. वाम आणि शिंगाळा मात्र चालत नाहीत. चिलापी तर पाहुण्यांच्या ओळखीची निघेल, कारण इस्रायलमधील गालील सरोवराचा प्रसिद्ध मासा तिच्याच कुळातील आहे. साब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षमद्याऐवजी मनुका भिजवून केलेले सरबत घेण्याची बेने इस्रायल रीत आहे.

मुंबईहून जाणाऱ्यांना जलप्रवासाचा आनंदही मिळू शकतो. गेटवेहून मांडव्यास लाँच जातात आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारींसह नेणारी रो-रो नौकाही सुरू झाली आहे. मांडव्याहून किहीम, नवगाव, अलिबाग, रेवदंडा ही स्थळे एकाच किनारपट्टीवर आहेत. मुंबईत 2008 मध्ये झालेल्या हल्ल्यात ज्यू केंद्रही लक्ष्य झाले होते. त्यामुळे सिनेगॉग पाहण्यासाठी विश्वस्तांची पूर्वपरवानगी आणि ओळखपत्र बरोबर असणे इष्ट.

दौऱ्याची आखणी करताना शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी स्वागतसमारंभ ठेवू नयेत. सणांच्या तारखा दरवर्षी नव्याने विचारून घ्याव्यात. ज्यू पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर असून त्यात एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. त्यामुळे 'नव्याचा सण' कधी सप्टेंबरच्या आरंभी येतो, तर कधी ऑक्टोबरात, जेव्हा कोकणातील पाऊस ओसरलेला असतो आणि नवगावची वाट कोरडी असते.