आपली गोष्ट, त्यांची चित्रं

  आज कर्ज नाही, बँक नाही. आज एका संग्रहालयाबद्दल बोलू.

कॅनडात टोरांटो शहरात २०१४ साली आगा खान संग्रहालय सुरू झालं. ते खास इस्लामी कला आणि मुस्लिम समाजांची संस्कृती दाखवण्यासाठी आहे. तितक्या लांब आपण काही जाणार नाही. पण त्या तऱ्हेच्या काही फार मोलाच्या वस्तू आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनापासून चालत जाता येईल अशा अंतरावर आहेत. फोर्टमध्ये, काळा घोड्याजवळ, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. जुनी माणसं त्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. १९२२ साली ते लोकांसाठी खुलं झालं.

आमच्या एका गटात सहलीसाठी हे नाव निघालं, तेव्हा एक ताई पटकन बोलून गेल्या, "ते मुसलमानी काम बघायला कशाला जायचं? आपलं काय आहे तिथे?" शेजारीच आमची एक मुस्लिम मैत्रीण बसली होती. तिच्या जरीकामावर गटाच्या ब्लाउजच्या ऑर्डरी चालतात. ती काही बोलली नाही, मान खाली घालून टाके घालत राहिली. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतंय.

आधी एक गैरसमज काढू. इस्लामी कला म्हणजे फक्त मशीद आणि कुराण नव्हे. मुस्लिम राजवटी जिथे जिथे होत्या, मुस्लिम समाज जिथे राहिला, तिथली भांडी, कापड, चित्रं, इमारती, पुस्तकं, सगळं त्यात येतं. ते घडवणारे हात सगळ्या धर्मांचे होते.

या संग्रहालयात अकबराच्या काळातल्या एका हस्तलिखिताची चित्रं आहेत. साधारण १५७५ सालची. पुस्तकाचं नाव 'अन्वार-ए-सुहैली'. नाव अवघड आहे, पण गोष्टी तुमच्या मुलांना पाठ असतील, कारण हे आपलं पंचतंत्र आहे! ते तिथवर कसं पोचलं, ते ऐका. सहाव्या शतकात इराणच्या बादशहाच्या पदरी बुर्झोय नावाचा एक वैद्य होता. त्याने या संस्कृत गोष्टी तिकडच्या भाषेत नेल्या. मग आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या. आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तिथे 'कलीला' आणि 'दिमना' झाले. माकड आणि मगरीच्या गोष्टीतली मगर तर वाटेत कासव झाली! मला याची फार गंमत वाटते. गावाकडची गोष्ट सासरी जाऊन सांगताना आपणही असंच करतो की. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी हेरात शहरात काशिफी नावाच्या लेखकाने त्या फारसीत नव्याने लिहिल्या, तेच हे 'अन्वार-ए-सुहैली'. सुहैल हे एका ताऱ्याचं नाव. आपण त्याच ताऱ्याला अगस्ती म्हणतो. अकबराने त्या फारसी पुस्तकात चित्रं काढून घेतली. म्हणजे इथून गेलेली गोष्ट हजार वर्षांनी नवे कपडे घालून माहेरी आली.

ती चित्रं काढणाऱ्या कारखान्यात हिंदू चित्रकार पुष्कळ होते. अकबराच्या पदरचा दसवंत तर पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढायचा, ती बादशहाच्या नजरेत भरली आणि तो दरबारातल्या मोठ्या चित्रकारांत गणला गेला. जहांगीराच्या काळात साहिफा बानू नावाची चित्रकर्ती होती. बायकांची नावं फार थोडी टिकली, त्यातलं हे एक.

संग्रहालयाची इमारतही बघण्यासारखी आहे. वर मोठा घुमट दिसेल. इमारतीच्या रचनेवर विजापूरच्या गोलघुमटाची छाप आहे. दगडी जाळ्यांपुढे मात्र वेळ काढा. शिवणकाम करणाऱ्यांनी तर वही-पेन्सिल न्यावीच. एकच आकार फिरवून फिरवून अख्खी जाळी कशी भरते, हे लक्षात आलं की पदराची, उशीच्या अभ्ऱ्याची नक्षी आपली आपल्याला काढता येते. कापडावर छापलेलं डिझाइन विकत घ्यायला नको. आपल्या उल्हासनगरच्या सिंधी मैत्रिणींना अजरक ठाऊक आहे. त्यातही हीच युक्ती आहे, एकच ठसा पुन्हा पुन्हा.

आता "आपलं काय आहे तिथे" याबद्दल. तुमच्या गटाची वही उघडा. तारीख, जमा, खर्च, बाकी, रक्कम, हप्ता, वसुली, हिशेब. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. ज्यावर लिहितो तो कागद आणि ज्यात वही ठेवतो ते दप्तर, हे शब्दही तिकडचेच. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला होता, हे खरं. तरीही हे शब्द गेले नाहीत. इतके ते घरचे झाले होते. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मुस्लिम कारागिरांनी पिढ्यानपिढ्या हाताने कागद केला. गावाचं नावच त्या धंद्यावरून पडलं.

जायचं ठरवलंत तर थोडी तयारी करा. आधी फोन करून गटासाठी तिकिटाला काही सवलत आहे का आणि चित्रांचं दालन उघडं आहे का, हे विचारून घ्या. जुन्या कागदाला उजेड बाधतो, म्हणून अशी पानं सगळीच्या सगळी कायम मांडून ठेवत नाहीत. गर्दीची वेळ टळल्यावरची लोकल धरा, डबे बरोबर घ्या. चित्रं तळहाताएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी असतात, तेव्हा चष्मा विसरू नका. सगळी दालनं एका दिवसात करायची म्हणून धावू नका, पाय दुखतील आणि लक्षात काही राहणार नाही.

ज्यांना मुंबई जमत नाही, त्यांच्यासाठी या संग्रहालयाची फिरती बसही आहे. ती शाळांमध्ये, गावांमध्ये वस्तू घेऊन जाते. गावातल्या शाळेच्या बाईंना सांगून शाळेकडून पत्र पाठवा.

आमच्या गटाची सहल पुढच्या महिन्यात आहे. बहुमताने ठरलं. त्या ताईंनीही नाव दिलंय, आणि जाळीची नक्षी वहीत उतरवून घ्यायचं काम आमच्या जरीवाल्या मैत्रिणीने स्वतःहून मागून घेतलंय.